शिवलेला पासपोर्ट

९ जानेवारी

चि. सौ. धाकटीस,
अनेक आशीर्वाद.

काल फोनवर तू सारखं "सगळं ठीक आहे" म्हणत होतीस, तेही आवाज बारीक करून, आणि पलीकडच्या खोलीतून बारक्या "कोणाचा फोन?" असं विचारत होता. नवरा ऐकत असताना तू मला खरं काय सांगणार? म्हणून फोन नको. मी कागदावर लिहीन आणि त्याचा फोटो काढून तुझ्या मोबाइलवर पाठवीन. तूही तसंच कर. "ठीक आहे" हे तोंडाने पटकन निघतं. कागदावर लिहिताना माणसाला जरा लाज वाटते.

व्हिसाचा फॉर्म आणलाय. एजंट म्हणाला, "मावशी, कारणात 'पर्यटन' लिहू. आजारी माणूस म्हटलं की साहेब लोक बिचकतात. त्यांना वाटतं, ही बाई तिथे राबायला चाललीय." मी म्हटलं, मी कसलं पर्यटन करणार, मला बसमध्येसुद्धा उलटी होते. तो हसला, पण पेन खाली ठेवेना. शेवटी फॉर्म मीच त्याच्या हातातून काढून घेतला आणि लिहिलं, "आजारी दिराला भेटायला."

पासपोर्ट आहे. हे असताना आम्ही दोघांचे काढले होते, तुमच्याकडे यायचं म्हणून. यांचा कोरा राहिला, माझाही. पोहोचताना निदान सहा महिने मुदत शिल्लक लागते म्हणे, आणि काही पानं कोरी. माझी सगळीच कोरी आहेत.

अडलंय ते एका प्रश्नावर. परत येणार याला पुरावा काय? नवरा नाही, मूल नाही. बाइंडिंगचं दुकान आहे, तेही भाड्याचं. आपलं इथे काय काय आहे हे कागदावर मांडायला बसलं की फार थोडं भरतं गं. हे गेल्यापासून तीन वर्षं ते मला माहीत होतं, पण कोणी लेखी मागितलं नव्हतं.

आता खरं लिही. त्याला झालंय काय? नऊ वर्षांचा असल्यापासून मी त्याला वाढवलाय. मला अंधारात ठेवलंस तर तुझी धडगत नाही.

तुझी,
मोठी जाऊ

---

१४ जानेवारी

जाऊबाई,
सा. न.

तुमच्या धमकीला मी अजूनही घाबरते, लग्नाला इतकी वर्षं झाली तरी. तर ऐका. तुमच्या बारक्याच्या छातीतली मोठी रक्तवाहिनी एका जागी फुगली आहे. ऑपरेशन करायचं आहे. २६ फेब्रुवारी ठरलीय. इथे अशी ऑपरेशनं रोज होतात. तो चालतो, फिरतो, माझ्याशी भांडतो. काळजीचं कारण नाही. (बघा, लिहिताना लाज वाटली नाही.)

निमंत्रणाचं पत्र सोबत पाठवतेय. त्यात माझी सही आहे आणि तुमच्या राहण्या-जेवण्याची हमी आहे. परतीचं तिकीट दाखवावं लागेल, प्रवासाचा विमा लागेल. फोटोत कान दिसले पाहिजेत, पदर मागे घ्या. आणि मुलाखतीत कृपा करून "त्याची सेवा करायला चालले" म्हणू नका. भेटायला, एवढंच. सेवा म्हटलं की काम झालं, आणि काम म्हटलं की व्हिसा गेला.

परत येण्याचा पुरावा म्हणून दुकानाचा परवाना, भाड्याच्या पावत्या, जे सापडेल ते न्या. खरं सांगू? मला तर वाटतं, आलात की राहा इथेच. तिथे आता तुमचं आहे कोण? पण हे मुलाखतीत बोलू नका, म्हणजे मिळवलं!

तुमच्या खोलीत त्याने स्वतः दिवा बसवला, वाचायला. नाही म्हटलं तरी शिडीवर चढला. तुम्ही या आणि त्याचे कान उपटा.

तुमची,
धाकटी

---

२ फेब्रुवारी

चि. सौ. धाकटीस,
अनेक आशीर्वाद.

व्हिसा मिळाला!

मुलाखत काचेपलीकडून झाली. साहेब तरुण होता. "पती?" वारले. "मुलं?" नाहीत. "मग परत कशासाठी याल?" मी परवाना आणि पावत्या पुढे सरकवल्या. त्याने त्या बघितल्याच नाहीत, माझ्याकडे बघत राहिला. कागद पुरे पडत नाहीत हे मला कळलं. मग सुचलं ते बोलले. म्हटलं, "माझ्या दुकानात लोकांची पुस्तकं उसवून ठेवलीत. कॉलेजच्या ग्रंथालयाची आहेत, एका म्हाताऱ्या मास्तरांचा जुना शब्दकोश आहे. उसवलेलं पुस्तक तसंच टाकून कोणी जात नाही." तो म्हणाला, "दुसरा कोणी बांधेल." मी म्हटलं, "बांधेल. पण मी आधी वाचते आणि मग बांधते. तो शब्दकोश माझा अजून अर्धाच झालाय." त्याने मान खाली घातली आणि काहीतरी लिहिलं. मी घरी येईपर्यंत जीव मुठीत धरून होते.

आठवड्याने पासपोर्ट घरी आला, आत व्हिसा चिकटवलेला. पण त्यांनी तो पुरता उघडून दाबला असावा. मधली पानं सैल झाली होती आणि पाठीकडचा दोरा लोंबत होता. अशी वस्तू घेऊन परक्या देशात जायचं मला बरं वाटेना. परवा दुपारी जुना दोरा काढून टाकला, त्याच भोकांतून नवीन मेणाचा दोरा घालून शिवला, पाठीला आतून बारीक कापडाची पट्टी दिली, खळ लावली आणि प्रेसमध्ये दाबून ठेवला. आता फेकून मारला तरी पान हलणार नाही. यांनी बघितला असता तर तेही "बरा झालाय" म्हणाले असते, आणि "बरा" म्हणजे त्यांच्या तोंडून खूपच.

तिकीट २१ तारखेचं काढलंय. ऑपरेशनच्या आधी चार दिवस मिळतील. बारक्याच्या कानाचं तेव्हा बघू.

तुझी,
मोठी जाऊ

---

३ फेब्रुवारी

जाऊबाई,

पासपोर्टला तुम्ही हात का लावलात?

माफ करा, पण ओरडल्याशिवाय राहवत नाही. पासपोर्ट आपला नसतो, सरकारचा असतो. त्यातलं पानच काय, दोरासुद्धा बदलायचा नसतो. ज्यांना पान बदलून खोटा पासपोर्ट करायचा असतो ते शिवण उसवतात! म्हणून तो दोरा साधा नसतो, त्यांच्या दिव्याखाली धरला की चमकतो. तुमचा चमकणार नाही. इथे उतरल्यावर काउंटरवरचा माणूस पहिली गोष्ट कुठली बघत असेल तर ती हीच. व्हिसा हातात असला म्हणून आत घेतलंच पाहिजे असं नसतं, दारावरूनही परत पाठवतात. त्यात कागदात फेरफार केला असा शिक्का बसला तर पुढे कित्येक वर्षं तुम्हाला कुठलाच देश घेणार नाही.

जुना दोरा ठेवलाय का? तो परत घालता येईल का? नाही, नको, काहीच करू नका. त्याला हातच लावू नका. उत्तर आजच्या आज पाठवा.

आणि मी तुम्हाला पूर्ण खरं लिहिलं नव्हतं. ती रक्तवाहिनी डॉक्टरांच्या अंदाजापेक्षा भराभर फुगतेय. ऑपरेशन न करता राहिलं तर कधीही फुटेल, आणि फुटली तर दवाखान्यापर्यंत पोहोचायलाही वेळ मिळणार नाही. २६ तारखेच्या पुढे जायचं नाही, असं त्यांनी बजावलंय. आता कळलं ना मी अशी का ओरडतेय?

धाकटी

---

७ फेब्रुवारी

चि. सौ. धाकटीस,
अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र दुकानात वाचलं आणि तसंच दुकान बंद केलं. सगळं निस्तरल्यावरच लिहायचं म्हणून उत्तराला उशीर झाला. तू ओरडलीस ते बरं केलंस. चाळीस वर्षं सुटलेलं दिसलं की शिवायचं, एवढंच केलंय. हे सुटलेलं तसंच ठेवायचं असतं हे माझ्या डोक्यातच आलं नाही.

एजंटकडे गेले. तो पासपोर्ट उलटासुलटा करून म्हणाला, "मावशी, कोणाच्या बापाला कळणार नाही. इतकं साफ काम आहे. तुम्ही गुपचूप विमानात बसा." सगळी वाट मी विचार करत होते. बसले आणि निभावलं तर २२ ला मी बारक्याच्या समोर असेन. नाही निभावलं तर तिथल्या एखाद्या खोलीत बसवतील आणि विचारतील, हिला कोणी बोलावलं? निमंत्रणावर तुझी सही आहे. ऑपरेशनच्या तोंडावर तू नवऱ्याकडे बघशील की मला सोडवायला धावशील? आणि मी काही खोटं केलेलं नाही. मग चोरासारखी का जाऊ?

म्हणून काल आपणहून पासपोर्टच्या ऑफिसात गेले.

खिडकीतल्या माणसाने विचारलं, "हा कोणी शिवला?"

"मी."

"का?"

"सैल होता."

त्याने शेजारच्याला हाक मारली, शेजारच्याने आतल्या साहेबांना. पासपोर्ट हातोहात फिरला. त्यांनी दिव्याखाली धरला, भिंगातून पानं बघितली, व्हिसाचं पान नखाने दाबून बघितलं. मला वाटलं आता पोलिसांना बोलावतात. साहेबांनी माझे हात पुढे करायला सांगितले. बोटांवर खळीचे डाग, अंगठ्याला सुईने पडलेला घट्टा. मग ते म्हणाले, "मावशी, काम झकास आहे. पण हा आता पासपोर्ट राहिला नाही." आणि माझ्या देखत त्याचा कोपरा कापला.

नवीन पासपोर्ट तातडीने करून देतो म्हणाले, पण चौकशी व्हायची, छापून यायचा. त्यानंतर व्हिसा पुन्हा मागायचा. मार्च उजाडेल.

२१ तारखेला मी येत नाहीये. बारक्याला तू सांग. मला फोनवर ते जमणार नाही.

तुझी,
मोठी जाऊ

---

१० फेब्रुवारी

जाऊबाई,
सा. न.

सांगितलं. आधी खूप हसला. "वहिनीने सरकारला बाइंडिंग करून दिलं!" म्हणाला. हसून झाल्यावर उठला, दवाखान्याची फाइल आणली आणि संमतीचा कागद काढून माझ्यासमोर ठेवला. सहीची जागा कोरी. "वहिनी आली की सही करीन. तोपर्यंत ऑपरेशन पुढे ढकला."

डॉक्टरांनी समजावलं. मी समजावलं, रडले, जेवले नाही. ढिम्म हलत नाही. काल रागाच्या भरात म्हटलं, "तुला मरायचंय का?" तर म्हणाला, "दादा ऑपरेशनला आत गेला तेव्हा त्याने माझी वाट बघितली असेल. माझे इथले कागद नूतनीकरणाला अडकले म्हणून मी बसून राहिलो. तो दाराकडे बघत बघत गेला. आता मी आत जायचं आणि दारात कोणीच नाही? मी नाही जाणार."

त्याच्या डोक्यात हे तीन वर्षं आहे हे मला माहीत नव्हतं. तुम्हाला होतं?

एकच उपाय दिसतो. तुम्ही त्याला लिहा की नवीन पासपोर्ट लवकर मिळाला, व्हिसाही झाला, तुम्ही २५ तारखेच्या विमानाने निघताय, ऑपरेशनच्या दिवशी सकाळी पोहोचताय. तुमच्यावर तो डोळे झाकून विश्वास ठेवतो. सही करेल. सकाळी मी म्हणेन विमानाला उशीर झाला. तोवर त्याला गुंगी दिलेली असेल. शुद्धीवर आला की मला काय हव्या त्या शिव्या देऊ दे.

तुम्ही खोटं बोलत नाही हे मला ठाऊक आहे. पण हा तुमचा शिवलेला पासपोर्टच आहे जो आम्हाला इथवर घेऊन आलाय. एवढं तुम्ही केलं पाहिजे. मी हात जोडते.

धाकटी

---

११ फेब्रुवारी

चि. सौ. धाकटीस,
अनेक आशीर्वाद.

तू लिहिलंस त्यातला शब्द न् शब्द मला लागला, आणि लागावाच.

पण ते पत्र मी लिहिणार नाही. शुद्धीवर आला तर शिव्या देईल, बरोबर. आला नाही तर? माझ्या शब्दावर तो दाराकडे डोळे लावून जाईल, आणि ज्या गोष्टीने तो तीन वर्षं झुरला तीच मी त्याच्यावर आणलेली असेल. त्याला फसवून झोपवायचं असेल तर माझ्या हाताने नको.

सोबत त्याच्यासाठी वेगळं पत्र आहे. तू आधी वाचलंस तरी चालेल, पण एक शब्दही गाळू नकोस. यानेही त्याने सही केली नाही, तर दोष माझ्या माथी. तू जन्मभर बोल, मी ऐकेन.

तुझी,
मोठी जाऊ

---

११ फेब्रुवारी

चि. बारक्यास,
आशीर्वाद.

तुझे दादा आत गेले त्या सकाळचं तुला सांगते. तू कधी विचारलं नाहीस, आणि मला वाटलं तुला ऐकवणार नाही.

सकाळी त्यांनी एकदा विचारलं, "बारक्या निघाला का?" मी सांगितलं, त्याचे कागद अडकलेत, आत्ता देश सोडला तर त्याला परत आत घेणार नाहीत. ते म्हणाले, "मग निघू नको म्हणावं. इतक्या खटपटीने बसलाय तिथे." तुझा विषय तिथे संपला.

त्यानंतर त्यांनी विचारलं, कटिंग मशीनचं पातं धारेला दिलं का? मी नाही म्हटलं. ते चिडले. चहाही घेऊ देत नव्हते, पोट रिकामं, त्यात पातं बोथट. कॉलेजचं काम अंगावर आहे, कागद फाटतील, गिऱ्हाईक जाईल, तुला कितीदा सांगितलं होतं. ढकलगाडी लिफ्टपाशी पोहोचेस्तोवर ते मला त्या पात्यावरून बोलत होते. लिफ्टचं दार लागताना म्हणाले, "उद्या आठवणीने पाठव." ते शेवटचं.

मलासुद्धा गोड असं काही बोलले नाहीत. कितीतरी दिवस-रात्र मी त्या वाक्यात काहीतरी शोधत होते. काही नाही रे त्यात. पातंच आहे. उद्या काम आहे असं समजून एक माणूस आत गेला. तो वाट बघत गेला नाही, घाबरून गेला नाही. मला तेवढं पुरतं. तुलाही पुरायला हवं.

दुसरं. मी २६ ला नसेन. चूक माझी आहे, आणि तिच्यापायी मी तुला ऑपरेशन पुढे ढकलू देणार नाही. माझ्या येण्यावर ऑपरेशन अडवलंस आणि काही झालं, तर तुला काही कळायचंही नाही, जाशील. मग पासपोर्ट घेऊन मी कोणाकडे येऊ?

सही कर. आणि आत जाताना दाराकडे बघू नकोस, तिथे कोणी नसेल. बायकोला काहीतरी काम सांग.

वहिनी

---

१६ फेब्रुवारी

वहिनीस,
सा. न.

पत्र वाचलं. तीन वर्षं मी मनातल्या मनात दादाची माफी मागतोय आणि तो पात्याबद्दल बोलत होता! सख्खा भाऊ. एकदा नाव घेतलं आणि विषय संपला!

मला इतका राग आला की मी जेवलो नाही. त्याचा आला, आणि तुझा जास्त आला. हे तू मला तेव्हाच का सांगितलं नाहीस? मला ऐकवणार नाही हे तू कोण ठरवणारी? मी काय अजून नऊ वर्षांचा आहे? वर पासपोर्ट शिवून बसलीस. आणि खोटं लिहून मला आत पाठवायची संधी बायकोने तुला दिली होती हेही मला कळलंय. ती स्वतःच बोलून गेली, तिच्या पोटात काही राहत नाही. तू तेव्हाही खोटं लिहिलं नाहीस, म्हणजे हे दादाचं खरं आहे याबद्दलही शंका घेता येत नाही. माझी सगळी बाजूच काढून घेतलीस तू.

सही केली. रागाने केली, पण केली.

बारक्या

---

२६ फेब्रुवारी

जाऊबाई,
सा. न.

झालं. दुपारी सर्जन बाहेर आले. येताना त्यांनी डोक्यावरची टोपी काढली आणि मला वाटलं, संपलं. पण ती घाम पुसायला काढली होती. नस बदललीय. रक्त बरंच गेलं, मध्ये एकदा परिस्थिती अवघड झाली होती, ते मी तुम्हाला सविस्तर लिहिणार नाही. लाज वाटली तरी नाही लिहिणार.

सकाळी आत जाताना त्याने मला काम सांगितलं. स्वयंपाकघरातल्या नळाचा वॉशर बदलून घे म्हणे. मी हो म्हटलं आणि कॉरिडॉरमध्ये येऊन भिंतीला धरून रडले. मागच्या पत्रात तुम्हाला खोटं लिहायला सांगितलं, पासपोर्टवरून बोलले, ते मी परत घेते.

संध्याकाळी त्याने डोळे उघडले. नळी आहे म्हणून बोलता येत नाही. ते एक बरंच आहे, कारण चेहऱ्यावरून अजून चिडलेला दिसतो.

तुमची,
धाकटी

---

२३ मार्च

चि. सौ. धाकटीस,
अनेक आशीर्वाद.

नवीन पासपोर्ट आला आणि काल व्हिसाही झाला. तिकिटाचं एजंट उद्या सांगतो. तारीख लगेच कळवते. मास्तरांचा शब्दकोश मात्र पुरा करून, बांधून त्यांना देऊन येणार. त्यांनी पुस्तक हातात घेऊन विचारलं, "परत येणार ना?" जानेवारीत तू "राहा इथेच" लिहिलं होतंस, त्याचं उत्तर द्यायचं राहिलं होतं, ते त्यांनाच देऊन टाकलं. येणार.

या वेळी काचेपलीकडे एक बाई होती, वयाने माझ्याएवढी, करड्या चेहऱ्याची. तिच्यासमोर माझा जुना फॉर्म होता, आणि पासपोर्ट का रद्द झाला त्याचा कागदही. तो तिने दोनदा वाचला. मग म्हणाली, "आधी तुम्ही लिहिलं होतं, आजारी दिराला भेटायला. त्याचं ऑपरेशन तर होऊन गेलं. आता कशासाठी जायचं?"

घरून पाठ करून आणलेलं सगळं मी विसरले.

म्हटलं, "तो माझ्यावर रागावलाय. इतक्या लांबून जात नाही तो राग."

तिने चष्मा काढला. "किती दिवस लागतील?"

मी खरं तेच सांगितलं. "महिना तरी लागेल. लहानपणापासून तसाच आहे."

तिने फॉर्मवर एक महिना लिहिलं.

तुझी,
मोठी जाऊ